विद्यापीठाची वेबसाइट दिव्यांगांना वापरता यावी, तर सुरुवात सूचनेच्या कागदापासून

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. इंदूरमधल्या एका विद्यापीठाच्या संगणक विभागात तुम्ही काम करता. कुलसचिव कार्यालयाचं पत्र आलंय की तीन महिन्यांत वेबसाइट दिव्यांगांसाठी सुगम्य करा. साइट हिंदी आणि इंग्रजीत आहे, तिच्यावर काही हजार पीडीएफ साठलेत. एक कंपनी म्हणतेय की कोडची एक ओळ टाका, कोपऱ्यात व्हीलचेअरचं चिन्ह येईल, काम झालं. ते घ्यावं का, आणि घ्यायचं नसेल तर हात कुठून घालावा?

घेऊ नका. त्या चिन्हावर क्लिक केलं की अक्षरं मोठी होतात, रंग बदलतात, पान मोठ्याने वाचलं जातं. पण अंध विद्यार्थ्याच्या फोनमध्ये टॉकबॅक असतोच, संगणकावर एनव्हीडीए असतो. हे दोन्ही स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारी सॉफ्टवेअर. कमी दिसणारा विद्यार्थी ब्राउझरमध्येच अक्षरं मोठी करतो. वाचायचं साधन त्यांच्याकडे आहे, अडतं ते तुमच्या पानात: फॉर्मच्या रकान्याला नाव नाही, सूचनेत अक्षरंच नाहीत, मेनू माउसशिवाय उघडत नाही. जे पानात नाहीच ते बाहेरून चिकटवलेली एक ओळ कुठून आणणार? उलट ती विद्यार्थ्याच्या स्वतःच्या स्क्रीन रीडरच्या मध्ये येते आणि दोन आवाज एकमेकांवर बोलू लागतात. आपलं साधन लावलं की कुठलीही साइट नियमांत बसते, असा दावा करणाऱ्या अशाच एका कंपनीला अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२५ साली दहा लाख डॉलर भरायला लावले. तो पैसा तुम्ही माणसांच्या प्रशिक्षणावर घाला.

आता खरा प्रश्न. पत्रात ‘वेबसाइट’ असं लिहिलंय म्हणून सगळ्यांचं लक्ष मुखपृष्ठाकडे जातं. पण विद्यार्थी मुखपृष्ठ बघायला येत नाही. त्याला प्रवेशाची शेवटची तारीख हवी असते, फॉर्म भरायचा असतो, प्रवेशपत्र काढायचं असतं, परीक्षेचं वेळापत्रक आणि शेवटी निकाल बघायचा असतो. ही पाचही कामं दोनच ठिकाणी होतात: सूचनांच्या पीडीएफमध्ये आणि फॉर्मच्या पोर्टलवर. मुखपृष्ठ कितीही सुंदर सुगम्य केलं आणि ही दोन ठिकाणं तशीच राहिली, तर धारहून किंवा बडवानीहून फोनवर साइट उघडणाऱ्या अंध मुलीला काडीचा फरक पडत नाही. तिला इंदूरच्या भंवरकुआँ भागातल्या एखाद्या फॉर्म भरून देणाऱ्या दुकानात जाऊन अनोळखी माणसाला आपला पासवर्ड आणि ओटीपी सांगावा लागतो. ती वेळ तिच्यावर येऊ नये, एवढ्यासाठी हे सगळं करायचं आहे. म्हणून क्रम असा ठेवा: आजपासून निघणाऱ्या सूचना, मग फॉर्म आणि निकाल, मग साइटचा साचा, म्हणजे सगळ्या पानांना सारखी असणारी मांडणी, आणि जुने पीडीएफ सगळ्यात शेवटी.

सूचनांपासून बघू. तुमच्या साइटवरची अगदी ताजी सूचना उघडा, तिच्यातली एक ओळ निवडा, कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. तीनपैकी एक गोष्ट होईल. ओळ निवडताच आली नाही, तर तो स्कॅन आहे, म्हणजे कागदाचा फोटो. स्क्रीन रीडरला तिथे काहीच सापडत नाही, ‘रिकामं पान’ असं सांगून तो पुढे जातो. ओळ निवडता आली पण नोटपॅडमध्ये रोमन अक्षरांची खिचडी उतरली, तर सूचना कृतिदेव नावाच्या जुन्या हिंदी फॉन्टमध्ये टाइप झाली आहे. आणि नीट देवनागरी उतरली, तर अर्धं काम आधीच झालेलं आहे.

कृतिदेवचं दुखणं आपल्या मध्य प्रदेशातल्या कार्यालयांत फार खोलवर आहे, म्हणून ते नीट समजून घ्या. कृतिदेव हा युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या, आधीचा फॉन्ट. त्यात ‘सूचना’ असं दिसतं तेव्हा फाइलमध्ये खरं तर एल, डब्ल्यू, पी, यू, के ही पाच रोमन अक्षरं साठवलेली असतात. फॉन्ट त्यांच्यावर देवनागरीचा मुखवटा चढवतो इतकंच. डोळ्याला ‘दिनांक’ दिसतो, पण आत एफ, एन, यू, के, ए, डी आहे, आणि स्क्रीन रीडर ते ‘फ्नुकाड’सारखं काहीतरी वाचतो. पूर्ण सूचना अशी ऐकून बघा, म्हणजे ज्याला दिसत नाही त्याच्या कानावर काय पडतं ते कळेल. गूगलला आणि साइटच्या शोधालाही ती सूचना सापडत नाही ती याच कारणाने.

उपाय टायपिंगच्या टेबलावर आहे. परीक्षा विभागातले बाबू वीस-वीस वर्षं जुन्या रेमिंग्टन टाइपरायटरच्या सवयीच्या बोटांनी टाइप करतायत. त्यांना ‘उद्यापासून इनस्क्रिप्टचा वेगळा कीबोर्ड शिका’ म्हणालात तर काम बंद पडेल आणि तिसऱ्या दिवशी कृतिदेव परत येईल. त्यांच्या संगणकावर हिंदी इंडिक इनपुट हे टायपिंगचं सॉफ्टवेअर बसवून त्यात ‘रेमिंग्टन गेल’ हा कीबोर्ड निवडा. बोटं जवळपास तशीच चालतात, ऱ्हस्व वेलांटी आधी टाइप करायची सवयसुद्धा चालते, पण फाइलमध्ये खरं युनिकोड उतरतं. काही जोडाक्षरं आणि चिन्हं वेगळ्या कळांवर आहेत. त्यांचा एक छापील तक्ता मॉनिटरशेजारी चिकटवा. फॉन्ट मंगल, कोकिला किंवा निर्मला यूआय ठेवा. निर्मला यूआय विंडोजसोबतच येतो, बाकीचे दोन नसतील तर विंडोजच्या ऐच्छिक सुविधांमधून बसवता येतात. कृतिदेव त्या संगणकावरून काढून टाकू नका, जुन्या फाइली उघडायला तो लागतो. फक्त नवीन सूचनेचा कोरा नमुना युनिकोडमध्ये करून द्या आणि सगळ्यांना त्यातच लिहायला सांगा.

जुना मजकूर कृतिदेवमधून युनिकोडमध्ये बदलणारे कन्व्हर्टर मिळतात, आणि ते वापरण्यासारखे आहेत, पण डोळे मिटून नाही. रफार आणि ऱ्हस्व वेलांटी जोडाक्षराभोवती चुकीच्या जागी जाऊन बसतात. मजकुराच्या मध्ये ईमेलचा पत्ता किंवा इंग्रजी शब्द असेल तर कन्व्हर्टर त्यालाही कृतिदेव समजतो आणि त्याची निरर्थक देवनागरी करून ठेवतो. म्हणून पत्ते, विषयांचे कोड आणि रोल नंबर आधी बाजूला काढा, मजकूर बदला, मग ते परत घाला आणि मूळ कागदाशी एकदा ताडून बघा.

स्कॅनची सवय सहीमुळे लागली आहे. सूचना वर्डमध्ये लिहितात, छापतात, साहेबांची सही आणि शिक्का घेतात, स्कॅन करतात आणि तेच चढवतात. सहीला कुणाची हरकत नाही, पण सूचनेचा मजकूर तर आधीपासून वर्डमध्ये आहे. तो साइटवर साध्या पानाच्या रूपात टाका आणि खाली ‘स्वाक्षरित प्रत’ म्हणून स्कॅन जोडा. यात जास्तीचं काम पाच मिनिटांचं आहे. ज्या विभागात डिजिटल सही आहे तिथे तर स्कॅनची गरजच नाही, फक्त एक लक्षात ठेवा: पीडीएफला टॅग, म्हणजे शीर्षक कुठलं, तक्ता कुठला हे स्क्रीन रीडरला सांगणाऱ्या आतल्या खुणा, आधी, सही नंतर. सही झाल्यावर फाइलमध्ये बदल केला की सही अवैध दाखवते आणि मग कुणीच त्या फाइलला हात लावायला तयार होत नाही.

पीडीएफच करायचा असेल तर वर्डमधून ‘सेव्ह ॲज’ने करा आणि पर्यायांमध्ये सुगम्यतेसाठी रचनेचे टॅग ठेवण्याची खूण आहे का बघा. ‘प्रिंट टू पीडीएफ’ने काढलेल्या फाइलमध्ये हे टॅग राहत नाहीत. दिसायला दोन्ही फाइली हुबेहूब सारख्या, म्हणून ही चूक वर्षानुवर्षं चालू राहते. शीर्षक ठळक करून मोठं करायचं नाही, हेडिंगची स्टाइल द्यायची. दस्तऐवजाची भाषा हिंदी निवडायची. तयार फाइल पीएसी नावाच्या मोफत तपासणी साधनात टाकून बघायची. एवढं केलं तरी देवनागरीचा एक धोका उरतोच: पीडीएफमध्ये जोडाक्षरं आकृती म्हणून जातात, आणि त्या आकृतीमागे मूळ अक्षरं कोणती याची नोंद नीट नसली तर ‘विश्वविद्यालय’ वाचताना तुटतं. म्हणून नोटपॅडची ती चाचणी प्रत्येक नमुन्यावर करा. माझा कल स्पष्ट आहे. हिंदी किंवा मराठी मजकुरासाठी पीडीएफपेक्षा साधं वेबपान केव्हाही बरं. फोनवर ते पटकन उघडतं, अक्षरं मोठी केली की ओळी आपोआप मोडतात, आणि झाबुआच्या एखाद्या गावात नेटवर्क कमी असलं तरी हाताशी येतं.

वेळापत्रकाकडे वेगळं लक्ष द्या, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथे होतं. समजा चार रकाने आहेत: दिनांक, वेळ, प्रश्नपत्रिकेचा कोड, विषय. स्क्रीन रीडर वापरणारा कंट्रोल, ऑल्ट आणि बाणाची कळ दाबत एका चौकटीतून दुसऱ्या चौकटीत जातो. पहिली ओळ खऱ्या अर्थाने शीर्षकाची ओळ म्हणून नोंदवली असेल तर रकाना बदलला की त्याला ‘वेळ, सकाळी ८ ते ११’ असं ऐकू येतं. ती फक्त ठळक अक्षरांत लिहिलेली असेल तर नुसतं ‘सकाळी ८ ते ११’. दुसरी गोष्ट म्हणजे जोडलेल्या चौकटी. एकाच दिवशी तीन पेपर असले की आपण दिनांकाची चौकट तीन ओळींवर पसरवतो. बघणाऱ्याला ते कळतं, ऐकणाऱ्याला तिसऱ्या पेपरची तारीख मिळेलच याची खात्री नसते. तारीख तिन्ही ओळींत पुन्हा लिहा. कागदावर ते थोडं भरगच्च दिसेल, पण पेपर चुकण्यापेक्षा बरं.

इथपर्यंतचं सगळं तुमच्या हातात आहे, त्याला ना निविदा लागते ना विकतचं सॉफ्टवेअर. पुढचा भाग, म्हणजे फॉर्म आणि निकाल, बहुतेक ठिकाणी बाहेरच्या पोर्टलवर असतो, आणि तिथे तुमच्या हातात किती आहे हे करारावर ठरतं.

फॉर्ममधली पहिली अडचण लेबलची. रकान्याच्या आत फिकट अक्षरांत ‘अनुक्रमांक’ लिहिलेलं असतं आणि टाइप करायला लागलं की ते गायब होतं. स्क्रीन रीडरला रकान्याचं नाव कोडमध्ये लेबल म्हणून बांधलेलं हवं, शेजारी नुसता शब्द लिहून चालत नाही. दुसरी चुकांची. चुकलेल्या रकान्याला लाल चौकट आली तर ज्याला दिसत नाही किंवा रंग ओळखता येत नाही त्याला फॉर्म पुढे का सरकत नाही ते कळतच नाही. चूक शब्दांत सांगा, ‘मोबाइल क्रमांकात १० अंक हवेत, तुम्ही ९ लिहिलेत’, आणि कर्सर त्या रकान्यावर न्या. जन्मतारखेसाठी कॅलेंडर टिचकावत २००५ सालापर्यंत मागे जायला लावू नका, तारीख थेट टाइप करता आली पाहिजे.

कॅप्चा हा निकालाच्या पानावरचा सगळ्यात मोठा अडसर. वाकड्यातिकड्या अक्षरांचं चित्र अंध विद्यार्थ्याला वाचता येत नाही, डिस्लेक्सिया असलेल्यालाही जड जातं, आणि आवाजाचा पर्याय असला तर तो बऱ्याचदा इतका खरखरीत असतो की कुणालाच कळत नाही. तिथे कॅप्चा का लागतो हे विचारा. यंत्राने हजारो रोल नंबर चालवू नयेत म्हणून ना? मग सर्व्हरवर मर्यादा घाला, एका इंटरनेट पत्त्यावरून मिनिटाला अमुकच चौकश्या. रोल नंबरसोबत जन्मतारीख मागा. माणसाला न दिसणारा आणि स्क्रीन रीडरपासूनही लपवलेला एक रिकामा रकाना ठेवा, यंत्र तो भरतं आणि पकडलं जातं. ओटीपी ठेवायचा असेल तर सहा वेगळ्या चौकटी नकोत, एकच रकाना द्या, त्यात पेस्ट करता येऊ द्या. वेबसाइटच्या सुगम्यतेचे जागतिक निकष डब्ल्यूसीएजी नावाने ओळखले जातात. त्यांच्या २.२ आवृत्तीत, जी ऑक्टोबर २०२३ मध्ये आली, लॉगिन करताना माणसाकडून कोडं सोडवून घेऊ नका किंवा आठवणीची परीक्षा घेऊ नका, असा नियमच आहे.

वेळेची मर्यादा हीदेखील मोठी गोष्ट. हात थरथरणारा, सेरेब्रल पाल्सी असलेला विद्यार्थी किंवा एकेक रकाना ऐकून भरणारा विद्यार्थी दहा मिनिटांत फॉर्म पुरा करू शकत नाही. सत्र संपण्याआधी सूचना द्या, एक कळ दाबून वेळ वाढवता यावा आणि त्यासाठी किमान २० सेकंद मिळावेत. भरलेली माहिती जतन राहिली तर सगळ्यात उत्तम.

फोटो आणि सही चढवण्याच्या पानावर ‘२० ते ५० केबी’ अशी अट असते. दिसत नसताना फोटो कापून नेमक्या आकारात बसवणं म्हणजे दुसऱ्याच्या दारात जाणंच आहे. मोठा फोटो स्वीकारा आणि आकार सर्व्हरवर कमी करा, हे प्रोग्रामरचं अर्ध्या दिवसाचं काम आहे. सहीच्या जागी अंगठ्याचा ठसाही चालेल असं तिथेच लिहा.

आणि एक रकाना मुद्दाम वाढवा: लेखनिक हवा का, जादा वेळ हवा का. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे लेखनिकाचा हक्क असलेल्या परीक्षार्थ्याला तासाला किमान २० मिनिटं जादा मिळतात. हे विद्यार्थ्याला परीक्षा विभागाच्या खिडकीवर उभं राहून मागावं लागू नये. फॉर्ममध्ये खूण केली, यूडीआयडी म्हणजे दिव्यांग ओळखपत्राचा क्रमांक दिला, की नोंद आपोआप परीक्षा केंद्रापर्यंत गेली पाहिजे. ‘बेंचमार्क’, म्हणजे ४० टक्के किंवा त्याहून जास्त प्रमाणित दिव्यांगत्व असलेल्यांसाठी किमान ५ टक्के जागा आणि वयात ५ वर्षांची सूट कायद्यात आहे. त्याची माहिती देणारा कागदच स्कॅन केलेला असतो, असं फार ठिकाणी बघायला मिळतं. हे पान सगळ्यात आधी सुधारा.

आता साइटचा साचा. हा एकदा दुरुस्त केला की हजार पानं सुधारतात, म्हणून प्रोग्रामरचा वेळ इथे घाला. पहिली गोष्ट भाषेची खूण. पान हिंदीत आणि कोडमध्ये भाषा ‘इंग्रजी’ लिहिलेली, हे साचा बाहेरून विकत घेतल्यावर हमखास होतं. मग स्क्रीन रीडर इंग्रजी आवाजाने हिंदी वाचायला जातो, किंवा देवनागरी गाळूनच टाकतो. हिंदी पानाला हिंदीची खूण, इंग्रजीला इंग्रजीची, आणि हिंदी पानातल्या इंग्रजी परिच्छेदाला वेगळी. मराठी विभागाचं पान असेल तर त्याला मराठीची खूण द्या. एनव्हीडीएसोबत येणाऱ्या ईस्पीक या बोलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी आवाज आहे. हिंदी आवाजातही मराठी कळते, पण आपली भाषा परक्या उच्चारात का ऐकायची?

दुसरी कीबोर्डची. माउस बाजूला काढून ठेवा आणि टॅब दाबत मुखपृष्ठ फिरा. आपण कुठे आहोत हे दिसलं पाहिजे, पण डिझायनरला ती चौकट कुरूप वाटते म्हणून ती कोडमधून काढून टाकलेली असते. परत आणा. मेनू माउस नेला तरच उघडत असेल तर तो बटणाने उघडेल असा करा. पानाच्या सुरुवातीला ‘मुख्य मजकुराकडे जा’ अशी लिंक ठेवा, नाही तर प्रत्येक पानावर मेनूच्या साठ लिंका ओलांडाव्या लागतात. धावती पट्टी आणि लुकलुकणारं ‘नवीन’ काढून टाका. पाच सेकंदांहून जास्त वेळ आपोआप हलणाऱ्या गोष्टीला थांबवायचं बटण लागतंच, आणि ज्याला वाचायला वेळ लागतो त्याच्या हातून ती ओळ दर वेळी निसटते.

रंगांचा हिशेब साधा आहे. साध्या अक्षरांना मागच्या रंगाशी किमान ४.५ ला १ विरोध हवा, मोठ्या अक्षरांना ३ ला १. भगव्या पट्टीवर पांढरी अक्षरं साधारण २.१ देतात, पिवळ्यावर शुद्ध लाल ३.७, पांढऱ्यावर शुद्ध लाल ४. साध्या अक्षरांसाठी तिन्ही नापास, आणि विद्यापीठांच्या साइटवर या तिन्ही जोड्या जागोजागी असतात. करड्यात सीमारेषा अगदी बारीक आहे: पांढऱ्या पानावर सहा अंकांत ७६७६७६ हा करडा पास होतो, ७७७७७७ नापास. देवनागरीसाठी आणखी दोन गोष्टी पाळा. अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेषा तुटते आणि शब्द सुटा-सुटा दिसतो. ओळींमधलं अंतर मात्र दीडपट ठेवा आणि चौकटींची उंची ठोकून बसवू नका, नाही तर अक्षरं मोठी करताच वरच्या मात्रा आणि खालचे उकार कापले जातात.

लिंकांच्या नावांचंही बघा. एनव्हीडीएमध्ये इन्सर्ट आणि एफ७ दाबलं की पानावरच्या लिंकांची यादी येते. सूचनांच्या पानावर त्या यादीत चाळीस वेळा ‘यहाँ क्लिक करें’ आलं, तर निवडणार काय? ‘बी.कॉम. द्वितीय वर्ष, समय सारणी, पीडीएफ, ३४० केबी’ असं पूर्ण नाव द्या. व्हिडिओंना उपशीर्षकं लागतात. यूट्यूब हिंदीत ती आपोआप करतं, पण नावं आणि आकडे हाताने दुरुस्त केल्याशिवाय कर्णबधिर विद्यार्थ्याला त्यांचा भरवसा धरता येत नाही.

तपासणी कशी करायची? ॲक्स, वेव्ह, लाइटहाउस ही मोफत साधनं रोज वापरा, पण त्यांच्या गुणांवर विसंबू नका. चित्राला पर्यायी मजकूर, म्हणजे चित्राचं शब्दांतलं वर्णन, आहे की नाही हे ती सांगतात, तो खरा आहे की नाही ते नाही. कुलगुरूंच्या फोटोला ‘बॅनर ३’ असं नाव दिलं तरी साधन पास करतं. म्हणून एनव्हीडीए उतरवून घ्या, तो मोफत आहे. मॉनिटर बंद करा आणि एच दाबत शीर्षकांवरून, एफ दाबत फॉर्मच्या रकान्यांवरून फिरा. फोनवर दोन्ही आवाजाच्या कळा तीन सेकंद दाबून टॉकबॅक चालू करा, उजवीकडे बोट सरकवत पुढे जा, दोनदा टिचकी मारून उघडा. आपले बहुतेक विद्यार्थी फोनवरच असतात, म्हणून फोनची तपासणी संगणकाइतकीच महत्त्वाची.

मग तुमच्याच विद्यापीठातले चार-पाच दिव्यांग विद्यार्थी बोलवा. एक पूर्ण अंध, एक कमी दिसणारा, एक हाताची हालचाल कमी असलेला, एक कर्णबधिर असा मेळ जमला तर फार चांगलं. त्यांना मानधन द्या, ते तुमचं काम करतायत. वर सांगितलेली पाच कामं करायला द्या आणि मध्ये बोलू नका. ‘तिथे खाली बटण आहे’ असं तुम्ही सांगितलंत की चाचणी संपली. कुठे थांबले, किती वेळ थांबले आणि कुठे सोडून दिलं, एवढंच लिहून घ्या.

कुलसचिवांच्या टिपणीत घालायला कायद्याचा आधार लागेल. दिव्यांगजन अधिकार अधिनियम २०१६ ची कलमं ४० ते ४६ सुगम्यतेची आहेत आणि कलम ४६ सरकारी तसंच खासगी, दोन्ही सेवादात्यांना लागू आहे. सुगम्यतेचं भारतीय मानक आयएस १७८०२ आहे, सरकारी साइटींसाठी जीआयजीडब्ल्यू ३.० ही मार्गदर्शिका आहे आणि त्याचा पाया डब्ल्यूसीएजी २.१ ची एए पातळी आहे. यूजीसीची उच्च शिक्षण संस्थांसाठीची सुगम्यता मार्गदर्शिका २०२२ ची. सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुडी प्रकरणात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सांगितलं की सुगम्यतेचे नियम नुसते शिफारशीवजा असून चालणार नाहीत, ते बंधनकारक हवेत. पोर्टलच्या पुढच्या करारात आयएस १७८०२ चं नाव घाला आणि शेवटचा हप्ता विद्यार्थ्यांच्या त्या चाचणीशी बांधा. चालू करारात अट नसली तरी लेबल, चुकांचे संदेश आणि कॅप्चा यांची लेखी यादी आजच पाठवा. या तीन दुरुस्त्या इतक्या लहान आहेत की बहुतेक कंपन्या करून देतात.

जुन्या हजारो पीडीएफचं काय? सगळे बदलायला जाऊ नका, त्या ओझ्याखाली पूर्ण काम बसेल. अध्यादेश, अभ्यासक्रम, शुल्क, चालू सत्राच्या सूचना, म्हणजे जे आजही वापरात आहे ते बदला. स्कॅन असेल तर ३०० डीपीआयची प्रत घेऊन टेसरॅक्टसारख्या ओसीआरमधून, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करणाऱ्या सॉफ्टवेअरमधून काढता येतं, त्यात हिंदी आणि मराठी दोन्ही चालतात. शिक्क्याखालची अक्षरं, आकडे आणि तारखा मात्र माणसाने वाचूनच पक्क्या करा. संपलेल्या सत्रांच्या सूचना वेगळ्या संग्रहात हलवा आणि तिथे लिहा की मागितल्यास वाचता येईल अशी प्रत देऊ.

तीन महिन्यांत काय होईल हे तुमच्याकडे माणसं किती यावर आहे. एक प्रोग्रामर आणि मजकूर बघणारा एक माणूस मिळाला तर नव्या सूचना पहिल्या पंधरवड्यात युनिकोडमध्ये येतील, साचा दोन महिन्यांत दुरुस्त होईल, चाचणी तिसऱ्यात. पोर्टल करारावर, आणि जुने पीडीएफ वर्षभर चालतील. दहा विभाग आपापल्या लॉगिनने सूचना चढवत असतील तर आधी दहाही ठिकाणच्या माणसांना एकत्र बसवून दोन तास शिकवा, आणि नोटपॅडच्या चाचणीत न उतरणारी सूचना चढवायची नाही असा आदेश कुलसचिवांच्या सहीने काढून घ्या. तो आदेश नसेल तर तुमची मेहनत पुढच्या परीक्षेच्या गर्दीत वाहून जाईल.

काम चालू असताना विद्यार्थी थांबलेले नसतात. म्हणून आजच प्रत्येक पानाच्या तळाशी एक फोन नंबर आणि एक ईमेल टाका, ‘ही सूचना वाचता येत नसेल तर इथे कळवा’ असं लिहून. तो फोन कोण उचलणार हे ठरवा, आणि तो रजेवर असला तर दुसरा कोण तेही. फोन आला की त्या सूचनेचा मजकूर त्याच दिवशी त्या विद्यार्थ्याला पाठवा, आणि संध्याकाळपर्यंत तोच मजकूर साइटवरही चढवा, म्हणजे त्याच सूचनेसाठी दुसऱ्या विद्यार्थ्याला फोन करावा लागणार नाही.